पायाला बांधलेलं कोकरू

माझ्या मामीचा फोटो आमच्या घरात एकही नाही. फोटो काढायचा तर तिला एका जागी उभं करावं लागलं असतं, आणि ते कोणाच्या बापाला जमलं नसतं. सखूबाई तिचं नाव. परंड्याकडच्या धनगराची लेक आणि तेरजवळ तेरणेच्या काठी आमच्या आजोळची वाडी आहे, तिथली सून. फुगडीत तिच्या तोडीची बाई त्या काळात आसपासच्या वाड्यांत नव्हती. हे मी भाची म्हणून सांगत नाही. हे मला माझ्या आईनं सांगितलं, आणि आई तिची नणंद होती. नणंदेनं भावजयीचं कौतुक केलं तर ते खरंच असतं, त्याला वेगळा पुरावा लागत नाही.

फुगडी म्हटलं की आता लोकांना लहान पोरींचा खेळ वाटतो. त्यांनी आमच्या वाडीची फुगडी पाहिलेली नाही. दोघींनी पायांचे चवडे एकमेकींना भिडवायचे, हातांची कैची घालून मनगटं धरायची, अंग मागं झोकून द्यायचं आणि तोंडानं पक् पक् असा पकवा घालत गरगर फिरायचं. सगळा भार समोरचीच्या हातावर. तिनं हात सोडला की तुम्ही पाठीवर आपटलाच. आणि गुडघे ताठ हवेत. जितके ताठ तितकी फुगडी देखणी, असं लहानथोर सगळ्या मानत. कोणी जरा गुडघा वाकवला की "ताक घुसळती का गं?" म्हणून हसत.

निजामाचं राज्य होतं. धाराशिवला सरकारी कागदात उस्मानाबाद म्हणत. लढाईमुळं रॉकेल मिळेना, साखर तर बघायलाही मिळेना, पण पंचमीला लेकी माहेरी यायच्या त्या यायच्याच. आता लेकी आल्या की घरातल्या सुनेनं तिच्या माहेरी जायचं कसं? दळण कोण दळणार, पाणी कोण भरणार, पुरणाची दिंडं कोण उकडणार? त्यामुळं सुनेचा भाऊ मुराळी म्हणून गाडी घेऊन यायचा, पाहुणचार घ्यायचा आणि रिकामी गाडी हाकत परत जायचा. दर वर्षी हेच. यावर वाडीतल्या कोण्या जुन्या सासूनं एक तोड काढून ठेवली होती, आणि तिचाच पुढं रिवाज झाला.

वारूळ पुजून झालं की तिथल्याच माळावर लेकी एका अंगाला, सुना एका अंगाला. एक लेक नि एक सून अशा जोड्या लागायच्या. जिचा हात सुटला, जी खाली बसली किंवा जिचे पाय भुईवरून उचलले, ती हरली. हरलेल्या बाहेर पडत जायच्या आणि शेवटी एक लेक नि एक सून उरली की त्या दोघींवर सगळं ठरायचं. सुना जिंकल्या तर पोळ्यापर्यंत घरचं सगळं काम लेकींनी करायचं आणि सुनांनी माहेरी जायचं. ऐकायला केवढा न्याय! पण सुना पहाटेपासून जात्यावर नि चुलीपुढं राबून माळावर येणार, आणि लेकी लिंबाच्या झोक्यावरून उतरून ताज्यातवान्या येणार. माझ्या आजीच्या आठवणीत सुना एकदाच जिंकल्या होत्या, आणि त्या साली म्हणे लेकींना गोवर आला होता.

मामीला लग्न होऊन आल्यापासून माहेर दिसलं नव्हतं. तिकडं तिची आई सिताबाई, वडील गेलेले, आणि भाऊ बिरू. दर पंचमीला बिरू गाडी जुंपून यायचा, मारुतीच्या पारावर बसायचा आणि माळावरच्या गलक्यावरूनच ओळखायचा की यंदाही रिकामं जायचं. बायकांच्या खेळाकडं गड्यांनी फिरकायचं नाही, त्यामुळं बिचाऱ्याला सगळं कानांनीच बघावं लागे. पण त्या वर्षी मामीनं एकेक लेक अशी गारद केली की गलक्याचा सूरच बदलला आणि पारावरचे गडी उठून उभे राहिले. लेकींकडून शेवटी उरली माझी आई, कोंडाबाई. अंगानं काटक, जिभेनं तिखट, आणि हार म्हणजे काय ते ठाऊक नसलेली.

दोघींची फुगडी अशी लागली की कोणाचं लुगडं कोणतं ते दिसेना. सुना ओरडत होत्या, लेकी ओरडत होत्या. पंच म्हणून माझी आजी दगडाबाई बसली होती, तीही ओरडत होती, आणि एकीकडं पोटची लेक नि दुसरीकडं घरची सून असल्यामुळं आपण कोणाच्या बाजूनं ओरडतोय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. आईची पकड ढिली पडत चालली होती. आई स्वतःच सांगायची, "आजून येक-दोन गिरक्या, आन् म्या गेले हुते." तेवढ्यात मामीची उजवी टाच उंदराच्या बिळात गेली. टाच जागच्या जागी रुतली आणि अंग तसंच फिरत राहिलं. गुडघा ताठ होता, त्याला जायला दुसरी वाटच नव्हती. तो उलटा, मागच्या बाजूला गेला. कट्ट असा आवाज झाला आणि तो कडेला उभ्या असलेल्या बायकांनीही ऐकला.

मामीनं किंकाळी फोडली. आईनं हात सोडले नाहीत. सोडले असते तर रिवाजाप्रमाणे आई हरली असती. शेवटी मामीच कोसळून खाली बसली आणि लेकी जिंकल्या. या एका गोष्टीवरून मी आईशी पुढं आयुष्यभर भांडत आले. "तू सोडायला हवे होतेस," मी म्हणायची. आई खाली मान घालून म्हणायची, "सोडाया पायजे हुते. पर तवा मला फकस्त जिकायचं कळत हुतं." आईचं एक बरं होतं, ती सबबी सांगत नसे. बिरू त्या संध्याकाळी बहिणीचा सुजलेला पाय बघून रिकामी गाडी घेऊन गेला.

आता आजीची पाळी. मेंढराचा पाय मोडला की चारी वाड्यांतून लोक आजीकडं आणायचे. बांबूच्या कामट्या लावायच्या, वरून चिंधी आवळायची, पाय काठीसारखा सरळ ठेवायचा की महिन्याभरात मेंढरू कळपामागं पळतं. सुनेच्या पायालाही तिनं हाच न्याय लावला. मामीचं हाड मोडलं नव्हतं, पण आजीच्या लेखी पाय म्हणजे पाय, मग तो मेंढराचा असो की माणसाचा. "सरळ बांदलं की सरळ भरतं, वाकडं बांदलं की वाकडं ऱ्हातं," असं म्हणून तिनं गुडघ्याच्या वर-खाली कामट्या इतक्या आवळल्या की पाय पार ताठ. शिवाय सुनेनं बसून खाऊ नये म्हणून तिला जात्यापाशी बसवलं. जात्यावर बसताना एक पाय लांब करायचा असतोच. तो कामट्यांचा पाय लांब करून मामी दळत राहिली.

कामट्या सुटल्या तेव्हा मांडी वाळलेल्या शेंगेसारखी झाली होती आणि मामी उभी राहिली की गुडघा मागंच खचायचा. शेजारची जगदेवी तिची जिवाभावाची मैत्रीण. ती लिंगायताची सून, आळंदकडची, मराठीत मधूनच कानडी यायचं. ती मामीकडं मागून बघत म्हणाली, "यव्वा! सखू, तुजा गुडगा उलटा चाललाय गं! अशानं तू म्होरं चालशील का मागं?" दोघी हसल्या. हसता हसता मामी रडायला लागली. माहेर आता कायमचंच तुटलं असं तिला वाटलं. फुगडी गेली म्हणजे माहेर गेलं, एवढा सरळ हिशोब होता.

माझा मामा धुळाप्पा हा फार कमी बोलणारा माणूस. आईपुढं तर त्याच्या तोंडून "व्हय" याशिवाय शब्द निघत नसे. पण त्या आठवड्यात तो धाराशिवच्या बाजाराला लोकर घेऊन निघाला आणि म्हणाला, "लोकरीवर बसाया कोन तरी पायजे. हिला नेतो." लोकरीवर बसायला माणूस कशाला लागतो हे आजीनं विचारलं नाही. मुलगा आपणहून दोन वाक्यं बोलला याच धक्क्यात ती होती. गाडी बाजारातून निघाली ती थेट सरकारी दवाखान्यात. मामानं उभ्या आयुष्यात आईला फसवलं ते एवढंच, आणि मला त्याबद्दल त्याचा फार अभिमान वाटतो.

डॉक्टर हैदराबादकडचे, म्हातारे, हसरे. त्यांनी मामीचा गुडघा दोन्ही तळव्यांत धरून हलवून पाहिला, ती कुठं कळवळते ते पाहिलं आणि आपलाच हात कोपरापासून सरळ करून दाखवला. "देखो बेटी, दरवाजा एकीच तरफ खुलता. उल्टा खोले तो कब्जा तनता. तुम्हारा वो कब्जा तन गया, टूटा नहीं. अब घुटना पूरा सीधा नक्को करो. नीचे कपडा रख के जरा मुडा रखो. सूजन आये तो ठंडे पानी की पट्टी. और बैठे भी नक्को रहो! रान के पीछे का गोश्त मजबूत करो. वोईच घुटने को पीछे जाने से रोकता." मामाला बाजारामुळं उर्दू चांगली यायची. त्यानं सगळं समजावून सांगितलं, कब्जा म्हणजे दाराची बिजागरी नि रान म्हणजे मांडी हेही. मामीनं एकच विचारलं, "फुगडी घालता यील का?" डॉक्टरांना फुगडी म्हणजे काय ते कळेना, तेव्हा मामानं दवाखान्यात उभ्या उभ्या एकट्यानंच गिरकी घेऊन दाखवली. डॉक्टर खो खो हसले आणि म्हणाले, "अगले साल. जल्दी नक्को."

अगले साल! परतीच्या वाटेवर मामी लोकरीच्या जागी रिकाम्या गोणपाटावर बसली होती आणि तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पण घरी कामट्यांवाली आजी होती. गुडघा वाकवून ठेवायचा म्हणजे आजीच्या मते पाय जन्माचा वाकडा. त्यामुळं मामी पांघरुणाच्या आत गुडघ्याखाली लुगड्याच्या चिंध्यांची गुंडाळी ठेवायची, आणि आजी जवळ आली की ती गुंडाळी बाजूला सरकवायची. जात्यावरही तिनं युक्ती केली. दुखरा पाय लांब न करता सोसेल तेवढा दुमडून, चांगला पाय लांब करून ती बसायला लागली. एक दिवस आजीनं गुंडाळी पकडलीच.

"ह्ये काय गं?"

"दवाखान्यातलं अवशीद हाय, आत्याबाई."

"चिंदी? अवशीद?" आजीचा आवाज नदीपलीकडं गेला असेल. "म्या शंबर मेंढरं हुबी केली, आन् ह्यो डागदर मला चिंदी शिकवतुया?"

तेव्हा मामीनं, जिनं सासूपुढं कधी मान वर केली नव्हती, मान वर केली. "आत्याबाई, मेंढरं फुगडी घालत न्हाईत," ती म्हणाली.

मामा बाहेर जाऊन बैलांना उगाच पाणी दाखवायला लागला. आणि आजी हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. मग चिंध्या तिनं परत सुनेच्या गुडघ्याखाली ठेवल्या, आणि तिच्या पायासाठी कामट्या पुन्हा कधी बाहेर काढल्या नाहीत.

पाठीमागची मांडी मजबूत करा म्हणणं सोपं आहे. कशी करायची ते डॉक्टरांनी सांगितलंही होतं, पण दवाखान्यातल्या रबरी पट्ट्या वाडीत कुठून येणार? तोवर कार्तिक आला, मेंढ्या व्यायला लागल्या. एक काळ्या तोंडाचं कोकरू भारी द्वाड निघालं. आईच्या आचळाला कधीही जाऊन लुचायचं. मामी बाजेवर पाय खाली सोडून लोकर निवडत बसलेली असायची. जवळ खुंटी नव्हती, म्हणून तिनं कोकराची दोरी आपल्याच उजव्या घोट्याला बांधली. कोकरू आईकडं ओढायला लागलं. मामी टाच मागं ओढायला लागली. ते पुढं, ही मागं. ते "बेंऽ" म्हणून रुसून बसायचं आणि पुन्हा जोर करायचं. संध्याकाळी मामीची मांडी मागच्या बाजूनं अशी भरून आली की तिला आधी भीती वाटली आणि मग एकदम उजेड पडला. लंगडत, घाईघाईनं ती जगदेवीच्या दारात गेली.

"जगदेवे! मागचं मांस दुकतंय! डागदरानं सांगितल्यालं मांस!"

जगदेवीला वाटलं, हिला वेड लागलं. दुखतंय म्हणून कोणी नाचतं का?

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज रस्सीखेच सुरू झाली. एकीकडं कोकरू, एकीकडं मामीची टाच. आधी कोकरूच जिंकायचं. मग बरोबरी व्हायला लागली. गंमत अशी की कोकरू दिवसेंदिवस वाढत होतं, म्हणजे मामीच्या पायावरचं ओझंही आपोआप वाढत होतं, आणि ते वाढवायला कोणाला सांगावं लागत नव्हतं. शेजारपाजारच्या बाया लोकर निवडायच्या निमित्तानं बघायला यायच्या आणि कोकराच्या बाजूनं ओरडायच्या. माघात कोकराचं मेंढरू होत आलं तरी मामीची टाच हलेना. तेव्हा आजी गोठ्यातून एक दांडगं नर कोकरू ओढत घेऊन आली आणि मामीच्या पुढ्यात उभं करून म्हणाली, "ह्यो बांद. त्यो आता तुला हलका पडतुया." माझ्या आजीनं हार मानायची पद्धत ही अशी होती.

पाण्याच्या घागरीही होत्याच. तेरणेचा काठ उंच. खाली उतरताना गुडघा कुरकुरायचा, वर चढताना मात्र दुखत नसे. म्हणून पहिले काही महिने जगदेवी भरलेल्या घागरी खालून अर्ध्या काठापर्यंत आणायची आणि मामी तिथून वर चढवायची. चढताना गुडघा वाकलेलाच राहतो, नि भार मांडीवर येतो. हळूहळू मामी सबंध काठ चढायला लागली, मग उतरायलाही. दुखलं की थांबायचं, सूज आली की ओल्या पट्ट्या ठेवून पडायचं, हा नियम तिनं कधी मोडला नाही. पोरीबाळींना बरं वाटलं की लगेच उड्या मारायच्या असतात. मामीलाही मारायच्या होत्या, पण तिला उड्यांपेक्षा माहेर जास्त हवं होतं.

पाय बरा झाला. भीती बरी झाली नव्हती. वैशाखात जगदेवीनं अंगणात तिचे हात धरले आणि पहिली गिरकी घेतली, तशी मामी ओरडून खाली बसली. काहीच झालं नव्हतं. पायाला नुसती ती कट्ट आठवली होती. जगदेवी म्हणाली, "ताट नगं. वाकवून घाल की." फुगडीत गुडघे वाकवायचे? मामीलाच लाज वाटली. पण वाकवल्यावर अंग खाली आलं, भार मांडीवर आला, आणि पाय जमिनीला असे धरून राहिले की जगदेवीच्या हातालाच रग लागली. दिसायला फुगडी बेढब, ताक घुसळल्यासारखी. पण तुटेना! दोघी गोठ्यामागं जाऊन रोज बेढब फुगडी घालायला लागल्या, आणि भीती कोणत्या दिवशी गेली ते मामीला सांगता आलं नाही.

पंचमी आली. लेकी आल्या. माझी आईही आली आणि आल्या आल्या भावजयीच्या पायाकडं बघत राहिली. वर्षभर तिच्या सासरी तिला ती किंकाळी ऐकू येत होती, हे ती मला सांगायची. बिरू गाडी सोडून पारावर बसला. आणि माळावर सुरुवातीलाच हसू फुटलं, कारण मामी गुडघे वाकवून उभी राहिली.

"आगं बया, सखूवैनी ताक कराया बसली!"

"लोनी निगाल्यावर आमाला बी द्या!"

हसणाऱ्या पहिल्या लेकीला मामीनं अशी फिरवली की ती चक्कर येऊन वारुळाच्या दिशेनं गेली आणि तिला धरून आणावं लागलं. दुसरी बसली. तिसरीचा हात सुटला. सुनांच्या बाजूला ओरडा चढायला लागला. जगदेवीनं दोन लेकी बाहेर काढल्या आणि मग ती स्वतः आईकडून हरली. एकेक करत शेवटी पुन्हा त्याच दोघी उरल्या, माझी आई आणि मामी. हातांची कैची घालताना आई हळूच म्हणाली, "वैनी, पाय सांबाळा." मामी म्हणाली, "वन्सं, तुमी बी."

फुगडी सुरू झाली. आई ताठ, मामी वाकलेली. एक उंच, एक बुटकी, अशी विचित्र जोडी गरगरायला लागली. आईनं जीव तोडून वेग घेतला. माळ फिरला, वारूळ फिरलं, सगळ्या बायका फिरल्या. पकवा घालायला दोघींच्या तोंडात वारा उरला नाही. सुनांना पोळ्यापर्यंतचं माहेर समोर दिसत होतं. काहींनी एकमेकींना घट्ट धरून डोळे मिटून घेतले होते. सकाळी एक सर येऊन गेली होती आणि काळ्या मातीचा एका जागी चिकट चिखल झाला होता. आईची डावी टाच नेमकी तिथं रुतली. मामीला ते हातांतून कळलं. आईच्या मनगटांतून एक हिसका आला, तोच हिसका, जो तिच्या स्वतःच्या अंगातून मागच्या साली गेला होता. आईचा गुडघा ताठ होता आणि मागं जायला निघाला होता.

मामीनं विचार केला नाही. विचाराला तिथं जागाच नव्हती. ती आणखी खाली बसकली, मांड्यांचा सगळा जोर लावला आणि माझ्या आईला चिखलातून उपटून वर उचललं. माझी आई हवेत! दोन्ही पाय भुईच्या वर, लुगडं फुगलेलं, तोंड उघडं. एक अख्खी गिरकी मामीनं तिला तशीच हवेत फिरवली आणि मग अलगद, अंडं ठेवावं तशी उभी करून ठेवली. हात दोघींचे घट्ट धरलेलेच होते.

माळावर दोन्हीकडून एकदम गलका उठला. "पाय उचलले! कोंडाबाईचे पाय उचलले! सुना जिकल्या!" "ह्ये लबाडी हाय! तिनं उचलली! आपलं आपून थोडंच उचललं?" लेकी आणि सुना एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. सगळ्यांनी आजीकडं पाहिलं. आजी उठून उभी राहिली. तिनं सुनेकडं पाहिलं नाही, लेकीकडं पाहिलं.

"कोंडे, खरं सांग. तुला का उचललं तिनं?"

आईला सोपं होतं. "जिकण्यासाटी उचललं" एवढं ती म्हणाली असती तर डाव मोडला असता, फुगडी पुन्हा लागली असती आणि लेकींनी सुनांना पुन्हा दमवलं असतं. आई हे सांगताना नेहमी लुगड्यावरून आपल्या डाव्या गुडघ्यावर हात फिरवायची.

"आये, माजी टाच रुतली हुती," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "तिनं उचललं न्हाय तर माजा पाय गेला असता. सालामागं तिचा गेला, तवा म्या हात सोडले न्हाईत. म्या हारले! सुना जिकल्या!"

मग जे झालं ते पारावर बसलेल्या बिरूला कानांनीच कळलं. सुनांचा आवाज त्यानं यापूर्वी कधी इतका मोठा ऐकला नव्हता. जगदेवी कानडीत काहीतरी ओरडत मामीच्या गळ्यात पडली. कोणी रडत होतं, कोणी नुसतंच नाचत होतं. बिरूनं पंचायत न करता, कोणाला न विचारता, निघायचं पहाटे होतं तरी तेव्हाच बैल जुंपायला घेतले.

दुसऱ्या पहाटे वाडीत घराघरांतून जाती घरघरली आणि प्रत्येक जात्यावर लेक बसली होती. आई दळताना हातावरच्या फोडांना शिव्या देत होती. आजी चुलीपुढं बसून तिला म्हणाली, "हळू फिरव, जोंदळं कुटं पळून चाललं न्हाईत." सुनांच्या गाड्या एकामागून एक वाडीबाहेर पडल्या. मामा फाट्यापर्यंत गाडीमागं चालत गेला. "पोळ्याला न्याया यीन," एवढंच तो म्हणाला, आणि एवढं बोलूनही लाजला.

परंड्याकडच्या त्या घरात मामीची आई सिताबाई ओसरीवर धान निवडत होती. तिला वर्षभर एवढंच कळलं होतं की लेकीचा पाय मोडला, ती आता लंगडते. येणाऱ्याजाणाऱ्यांनी आणखी काय काय सांगितलं असेल ते देव जाणे. गाडी थांबली तरी म्हातारी उठली नाही. मान खाली घालून ती सुपातलं धान पाखडत राहिली, लेक लंगडत येताना बघायचं तिच्या जिवावर आलं होतं.

मामी गाडीतून उतरली. अंगण ओलांडून सरळ चालत गेली, आईच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं आणि तिला मनगटांना धरून उभं केलं.

"आये, वर बग."

म्हातारीनं तोंडाकडं न पाहता आधी पायांकडं पाहिलं. मग म्हणाली, "चाल बरं जरा." मामी चालली नाही. तिनं आईच्या चवड्यांना आपले चवडे भिडवले, हातांची कैची घातली, गुडघे वाकवले आणि फुगडी धरली. म्हातारी "आगं सोड, सोड, पडंन की!" म्हणून ओरडत होती. "पडत न्हाईस," मामी म्हणाली, "म्या धरलंया." आणि त्या दोघी सूप, धान, कोंबड्या, बिरू, बैल या सगळ्यांच्या मधोमध फिरत राहिल्या. म्हातारी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं कानांकडं जात होतं.